चाळीतला एट-थर्टीन

मृग लागण्याआधीच्या रविवारी मी लिनिअरचं झाकण काढतो. जवळजवळ चाळीस वर्षं हा नेम आहे. आधी भिंतीतला प्लग काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा. मग दहा मिनिटं काहीही करायचं नाही, चहा घ्यायचा. मग काठी. वेताची हातभर काठी, टोकाला पितळी हूक, हुकाला जाड तांब्याची वायर आणि वायरचं दुसरं टोक अर्थला आवळलेलं. डावा हात खिशात घालायचा आणि उजव्या हातानं हूक आधी व्हॉल्व्हच्या टोपीला, मग मोठ्या कंडेन्सरच्या टोकाला टेकवायचा. ‘टक्’ असा आवाज झाला तर आत अजून काही शिल्लक होतं, म्हणजे कंडेन्सर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टन्स तपासायला झाला. आवाज आला नाही तर हूक तिथेच अडकवून ठेवायचा आणि कामाला लागायचं.

काम म्हणजे मुख्यतः पुसणं. चौपाटी आमच्यापासून पाच मिनिटांवर. तिथून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, गिरगावच्या रस्त्यावरची धूळ त्यात मिसळते आणि चिनी मातीच्या इन्सुलेटरवर एक करडा, चिकट थर बसतो. बोटाला जाणवणारही नाही इतका पातळ. पण सुमारे दोन हजार व्होल्टला वाट काढायला तेवढा पुरतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक इन्सुलेटर, कॉइलचा एकेक वेढा आणि शेवटी व्हॉल्व्हची काच पुसतो. जून ते सप्टेंबर पेटीच्या तळाशी चाळीस वॅटचा एक बल्ब अखंड जळत राहतो. त्याच्या उबेनं ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत ओल शिरत नाही. पूर्वी गिरगावात वाद्यांच्या दुकानात तबले ठेवायच्या कपाटात असा बल्ब पाहिला होता, तिथूनच ही युक्ती उचलली.

तो व्हॉल्व्ह म्हणजे ८१३. मराठीत आठशे तेरा, पण असं कुणीच म्हणत नाही. लॅमिंग्टन रोडवर, चोर बाजारात, हॅम मंडळींत सगळीकडे तो ‘एट-थर्टीन’च. वीतभर उंच, मनगटापेक्षा जाड, खाली सात जाड पिना आणि डोक्यावर एक धातूची टोपी. आत काळी प्लेट. फिलामेंटला दहा व्होल्ट आणि पाच अँपिअर लागतात, म्हणजे नुसता जागा राहायला पन्नास वॅट. पेटवला की त्याचा उजेड पिवळाधमक पडतो. घरगुती रेडिओतल्या व्हॉल्व्हसारखा मंद तांबूस नाही. आमच्या खोलीत दिवे गेले तर त्या उजेडात पेपर वाचता येईल असं आई म्हणायची. पण दिवे गेले की तोही जायचा.

हौशी रेडिओ, म्हणजेच ‘हॅम’, म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगतो. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या सेटवरून जगातल्या दुसऱ्या परवानाधारकांशी बोलायचं. त्यातून पैसा करायचा नाही. आमच्यासारख्यांचे घरी बांधलेले सेट पाच-दहा वॅटचे असत, आणि तेवढा आवाज आणखी मोठा करून एरियलला देणारी पेटी म्हणजे लिनिअर. माझ्या लिनिअरमधून अडीचशे वॅटच्या आसपास निघतात. दहाचे अडीचशे होणं ऐकायला फार मोठं वाटतं, पण समोरच्याच्या मीटरवर काटा जेमतेम दोन-सव्वादोन घरं पुढे सरकतो, कारण शक्ती चौपट करावी तेव्हा कुठे एक घर वाढतं. ही दोन घरं मात्र फार मोलाची. पावसाळ्यात विजांचा कडकडाट बँडभर असतो तेव्हा ‘कोणीतरी आहे’ आणि ‘तुमचं नाव कळलं’ यांतलं अंतर तेवढंच असतं.

मला इथे सांगायचं आहे ते ही काच गिरगावच्या दुसऱ्या मजल्यावर आली कशी आणि टिकली कशी, याबद्दल. या पेटीचा परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे, पण पेटी माझी एकट्याची कधीच नव्हती.

मुंबईत रेडिओची हौस शंभर वर्षांपूर्वीची. १९२३ च्या जूनमध्ये इथल्या रेडिओ क्लबनं लहानशा ट्रान्समीटरवरून कार्यक्रम प्रक्षेपित केले. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. स्वतःच्या घरातून प्रक्षेपण करण्याचा परवाना असलेले मात्र १९३५ च्या सुमारास देशभरात पन्नाससुद्धा नव्हते, आणि त्यांतले बरेचसे गोरे लष्करी अधिकारी. आपल्याकडच्या चाळकऱ्याला तेव्हा रेडिओ ऐकायला मिळाला तरी पुष्कळ.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारनं हौशी परवान्यांवर बंदी घातली. ट्रान्समीटर पोलिसांत जमा करा, असे लेखी हुकूम घरोघर गेले. या बंदीच्या काळातच मुंबईच्या रेडिओचा सर्वांत धाडसी अध्याय घडला, आणि त्याची जागा माझ्या पायाखालची आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी पहाटे पकडले गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. यंत्र बांधायला नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओवाला होता; सामान पुरवण्यात काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर देणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींचा हात होता. पोलिसांच्या गाड्या दिशा शोधत फिरत, म्हणून ट्रान्समीटर सारखा हलवावा लागे. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगाव बॅक रोडवरची पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मी देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तिथे धाड पडली. प्रिंटर पुढे माफीचा साक्षीदार झाला. उषाबेनना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटल्यावर त्यांनी विल्सन कॉलेजात कितीतरी वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. गिरगाव बॅक रोड म्हणजे आताचा विठ्ठलभाई पटेल रोड. पारेखवाडी आमच्या चाळीतून निघालं की हाकेच्या अंतरावर.

या कहाणीतली एक बारीक गोष्ट मला हॅम म्हणून नेहमी खुणावते. काँग्रेस रेडिओ स्वतःची लहर ४२.३४ मीटर अशी सांगत असे. तिचा हिशेब केला तर कंपनसंख्या येते ७.०८ मेगाहर्ट्झ. आमच्या ‘चाळीस मीटर’च्या पट्ट्याच्या बरोबर पोटात. त्या पट्ट्यासाठी लागणाऱ्या कॉइली, कंडेन्सर आणि तिथे लहर कशी चालते याची जाण हौशी माणसाकडे आधीपासून असणार, म्हणून तीच जागा निवडली गेली असावी, असं माझं मत आहे. मी रोज संध्याकाळी याच पट्ट्यावर बसतो. डायल ७.०८ वरून सरकते तेव्हा हात क्षणभर थांबतो.

युद्ध संपलं आणि ‘डिस्पोजल’ सुरू झालं. हा शब्द लॅमिंग्टन रोडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांनी भारतात आणलेलं वायरलेसचं सामान परत नेणं परवडेना. ते इथेच लिलावात निघालं आणि वजनाच्या भावानं चोर बाजारात आलं. रणगाड्यांतले ‘नंबर नाइन्टीन’ सेट, विमानांतले रिसीव्हर, तेल भरलेले कंडेन्सर, बिडाच्या पेट्यांतले ट्रान्सफॉर्मर. आणि व्हॉल्व्ह, लष्करी खाकी खोक्यांत. एकाच व्हॉल्व्हची तीन नावं असायची. अमेरिकन सैन्याच्या खोक्यावर व्हीटी-१०० लिहिलेलं असलं की तो ८०७. व्हीटी-१४४ म्हणजे ८१३. त्याच ८१३ ला ब्रिटिशांनी सीव्ही-२६ म्हटलं होतं. ज्याला ही उजळणी पाठ होती तो दुकानदाराच्या नकळत सोनं उचलायचा. माझ्या गुरूंना पाठ होती. ते दादरला राहायचे, एका सिनेमागृहात साउंड सांभाळायचे आणि दर शुक्रवारी जुम्म्याच्या बाजाराला मटण स्ट्रीटवर जायचे. मी त्यांना काका म्हणायचो. काकांनी मला तिथे नेलं तेव्हा पहिला धडा दिला: “व्हॉल्व्ह हातात घे, पण हलवू नकोस. आडवा धर, उजेडाकडे कर. आत पांढरं दिसलं तर ठेवून दे, हवा शिरली आहे. आणि काही झालं तरी बघताक्षणी हसू नकोस, भाव वाढेल.”

स्वतंत्र भारतात परवाने पुन्हा सुरू झाले. १९४८ मध्ये महू इथल्या लष्कराच्या सिग्नल शाळेत हौशी रेडिओचा देशव्यापी क्लब सुरू झाला. १९५४ मध्ये तो दिल्लीला गेला आणि अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. १९५८ मध्ये आणि मग १९७८ मध्ये नियम आले. ते नियम आमच्या पिढीला पाठ आहेत, कारण त्यांनीच पेटीचा आकार ठरवला. दुसऱ्या श्रेणीला ५० वॅट, पहिल्या श्रेणीला १५०, आणि सर्वांत वरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ श्रेणीला ४००. हे वॅट बाहेर पडणारे नव्हेत, शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटला दिलेले डीसी वॅट, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. निरीक्षक आला तर दोन मीटर वाचून गुणाकार करणार. मोर्सची परीक्षाही चढत जायची: मिनिटाला पाच शब्दांवरून बारा. परवान्याआधी पोलिसांची चौकशी. साध्या वेशातला हवालदार चाळीत येऊन शेजाऱ्यांना माझ्याबद्दल विचारून गेला. पूर्ण चाळीला वाटलं, लग्नाचं बघताहेत.

माझा परवाना १९८१ चा. मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकल विभागात होतो. सकाळी आठची ड्युटी. संध्याकाळी चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड करत मशीद बंदरला उतरायचं, तिथून तांबाकाटा चालत, आणि वाटेत काही मिळालं तर पिशवीत घालून गिरगाव. सुरुवातीला दोन ८०७ वर काम भागवलं. साडेसातशे व्होल्ट आणि दोनशे मिलिअँपिअर, झाले दीडशे वॅट, नियमात बरोबर. ८०७ मिळणंही सोपं होतं, कारण लाउडस्पीकरच्या जुन्या अँप्लिफायरमध्ये तोच असे. गणपती झाले की लालबाग-परळच्या लाउडस्पीकरवाल्यांकडे थकलेले ८०७ निघायचे. गाण्याला कमी पडणारा व्हॉल्व्ह आमच्या मोर्सला अजून दोन वर्षं चालायचा.

वरची श्रेणी मिळाल्यावर, १९८६ मध्ये, काकांनी कपाटातून एक खोकं काढलं. आत जुन्या टाइम्सच्या कागदात एट-थर्टीन. म्हणाले, “माझ्याच्यानं आता बांधून होणार नाही. तू बांध.” पैसे घेतले नाहीत.

व्हॉल्व्ह मिळणं हा कामाचा चौथा हिस्सा. उरलेली पेटी मुंबईनं बांधली. टँक कॉइल हवी होती, म्हणून तांबाकाट्यावर पाव इंची तांब्याची नळी घेतली. ती सरळ वाकवली तर चेपते, म्हणून आत बारीक वाळू भरून एका वरवंट्यावर गुंडाळली. तो वरवंटा आजही थोडा ओरखडलेला आहे. व्हेरिएबल कंडेन्सर चोर बाजारातला, पाती इतकी अंतरावर की करंगळीचं नख मधून जाईल. चॅसिस खेतवाडीतल्या एका पत्र्याच्या कारागिरानं दोन वेळा कापला, कारण पहिल्या वेळी सॉकेटचं भोक मीच चुकीचं आखून दिलं होतं. चिनी मातीचं सॉकेट लॅमिंग्टन रोडवर. (रस्त्याला नाव पडलं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून, पाटीवर कधीचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण सॉकेट विचारायला जाताना कुणाच्या तोंडून ते निघत नाही.)

ट्रान्सफॉर्मर लालबागला झाला, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर आली आणि बहुतेकांना परत जायला गिरणीच उरली नाही. गिरण्यांच्या इलेक्ट्रिक खात्यात मोटारी रिवाइंड करणारे जे कारागीर होते त्यांच्यातल्या काहींनी गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली वाइंडिंगची दुकानं टाकली. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. अशाच एका दुकानात मी कागद घेऊन गेलो. मालक पन्नाशीचे, कोकणातले, सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. मी म्हटलं, “दोन्ही बाजूंना दोन-दोन हजार व्होल्ट पाहिजेत.” त्यांनी चष्मा वर केला. “कशाला? वेल्डिंगला तर व्होल्ट नको, करंट लागतो.” मी समजावलं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि हिशेब स्वतःच तोंडी केला: या जाडीच्या स्टॅम्पिंगला व्होल्टला दोन वेढे, म्हणजे प्रायमरीला चारशे साठ आणि सेकंडरीला आठ हजार.

आठ हजार वेढे केसाहून थोड्या जाड तारेचे. हातानं फिरवायचं यंत्र, त्याला पितळी काउंटर. मेस्त्री डाव्या हाताच्या अंगठ्यानं तार धरायचे आणि अंगठ्यावरच ताण मोजायचे. तार एकदाही तुटली नाही. प्रत्येक थर भरला की वर पिवळं एम्पायर क्लॉथ, कडेला दोन-दोन सूत मोकळी जागा सोडून, कारण उंच दाबाची वीज थराच्या कडेनंच उडी मारते. हे मी त्यांना सांगायच्या आधी त्यांना ठाऊक होतं. तीन संध्याकाळी मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. शेवटी पूर्ण बॉबिन वॉर्निशमध्ये बुडवली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आत ठेवली, मग दोन मोठे बल्ब लावलेल्या पत्र्याच्या डब्यात रात्रभर वाळवली. “गिरणीत भट्टी होती,” ते म्हणाले, “इथे बल्ब.” तो ट्रान्सफॉर्मर आजही चालू आहे. त्याच्यानंतर माझे तीन कारखान्यात बनलेले ट्रान्सफॉर्मर जळाले.

त्या दोन हजारांचं डीसी करायला ८६६ नावाचे दोन पाऱ्याचे रेक्टिफायर. हे व्हॉल्व्ह फार नाजूक मनाचे. आधी त्यांचा फिलामेंट अर्धा मिनिट तापवायचा, पारा वाफ व्हायला. मगच वरचा दाब द्यायचा. व्हॉल्व्ह हलवून दुसरीकडे नेला असेल तर पारा शिंपडलेला असतो, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं. घाई केली तर आतल्या आत ठिणगी आणि खेळ खल्लास. नीट वागवले तर मात्र तुम्ही बोलाल तसे ते निळे-जांभळे उजळतात आणि मावळतात. तुमच्या प्रत्येक शब्दाला एक निळा श्वास. पुढे चोक असल्यानं डीसी मिळतो दोन हजारांच्या ०.९ पट, म्हणजे अठराशे. प्लेटचा काटा दोनशे वीस मिलिअँपिअरवर आला की तीनशे शहाण्णव वॅट. नियमाच्या चार वॅट अलीकडे. हा गुणाकार जुळला त्या रात्री मी काकांना पब्लिक फोनवरून कळवलं. ते एवढंच म्हणाले, “काठी बनवलीस का?”

काठी बनवली नव्हती. पुढच्याच महिन्यात त्याची किंमत कळली. ब्लीडरचा एक रेझिस्टन्स तुटला होता, बाहेरून दिसत नव्हता. मी प्लग काढला, लगेच हात घातला. कंडेन्सरनं मला खुर्चीसकट मागच्या भिंतीवर फेकलं. उजव्या तळहातावर आरपार काळा डाग पडला आणि मी जगलो, कारण डावा हात कुठेही टेकलेला नव्हता.  त्या दिवसापासून पेटी उघडताना घरात कुणालाही खोलीत येऊ देत नाही आणि काठी पेटीच्याच खिळ्यावर टांगलेली असते.

दुसरं संकट चाळीचं. तेव्हा दूरदर्शनचं चित्र व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यातून यायचं आणि गच्चीवर लांब-लांब काड्यांचे अँटेना असायचे. मी पंधरा मीटरवर बोललो की २१ मेगाहर्ट्झची तिप्पट, ६३, थेट त्या पट्ट्यात. पहिल्याच शनिवारी मराठी सिनेमा चालू असताना समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू गॅलरीत आल्या. “अरे, तुझं ते बदकासारखं बोलणं आमच्या टीव्हीतून येतंय की रे! आणि माणसं सगळी वाकडी दिसतात.” त्या रागावल्या नव्हत्या, पण गॅलरीतले बाकीचे होते. मी पेटीला सगळीकडून तांब्याची जाळी शिवली, एरियलच्या वाटेवर फिल्टर घातला आणि सहा बिऱ्हाडांच्या टीव्हींना मागे छोटे फिल्टर स्वखर्चानं लावून दिले. वर गॅलरीत कागद चिकटवला: शनिवार आणि रविवार संध्याकाळी सिनेमाच्या वेळी ट्रान्समीटर बंद. तो करार मी केबल येईपर्यंत पाळला. बदल्यात चाळीनं मला कौलांवरून वीस मीटर लांब तार ओढू दिली, चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी नेमकी तेवढीच लागते. संक्रांतीच्या मोसमात तिच्यात अडकलेले पतंग पोरं काढून न्यायची आणि मांज्यानं तार कापली गेली की तीच पोरं वर चढून मला गाठ मारून द्यायची.

३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीची मिरवणूक पहाटेपर्यंत आमच्या रस्त्यावरून चौपाटीकडे चालली होती. त्याच पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. टेलिफोन बंद पडले तिथे हौशी रेडिओवाले सेट आणि बॅटऱ्या घेऊन पोहोचले. मी गेलो नव्हतो, वर्कशॉपमधून आल्यावर रात्री घरी बसून चाळीस मीटरवर कान लावून होतो. तिकडचे सेट बॅटरीवरचे, दुबळे. पण त्यांच्याभोवती विजेचा गोंगाट नव्हता. इकडे मुंबईत मोटारींचा, ट्यूबलाइटचा कल्ला. मोठी पेटी असली की तुमचं त्यांना ऐकू जातं. त्यांचं तुम्हाला ऐकू यायला पेटीचा काडीचा उपयोग नाही, तिथे एरियल आणि धीर लागतो. नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो: आधी एरियल, मग वॅट.

१९८४ मध्येच हॅमना परदेशी सेट आणायला सवलत मिळाली होती आणि हळूहळू जपानी ट्रान्झिस्टर सेट घरोघर आले. शंभर वॅट, बटण दाबलं की तयार, ट्यूनिंग नाही, दोन हजार व्होल्ट नाहीत. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियन व्हॉल्व्ह मिळू लागले; एट-थर्टीनची चिनी आवृत्तीही आली. २००९ मध्ये श्रेणी कमी होऊन दोनच उरल्या आणि ४०० वॅट सर्वसाधारण परवान्यालाच मिळाले. हक्क वाढला तेव्हा बांधणारे कमी झाले होते. लॅमिंग्टन रोडवर आधी कॉम्प्युटर, मग मोबाइल, मग सीसीटीव्ही आले. सॉकेट विकणाऱ्यांच्या गाळ्यात आता केबल आणि चार्जर आहेत. लालबागच्या मेस्त्रींचा जिना इमारतीसकट गेला. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. त्यानं मला तो पितळी काउंटर आणून दिला. काका १९९९ मध्ये गेले.

आमची चाळही पाडली आहे. आम्ही त्याच जागेवर बाविसाव्या मजल्यावर आहोत. तार आता गच्चीच्या दोन कोपऱ्यांत ओढली आहे; सोसायटीची परवानगी लेखी घेतली, कारण नव्या शेजाऱ्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. एट-थर्टीन तोच आहे. रोज नाही, रविवारी पेटवतो. बराच काळ पडून असेल तर आधी दोन तास नुसता फिलामेंट, मग अर्धा दाब, मग पूर्ण. लोडिंगचा कंडेन्सर फिरवून प्लेटचा काटा खाली पडतो तो तळ शोधायचा, थोडा भार वाढवायचा, पुन्हा तळ शोधायचा. दहा सेकंदांच्या आत, नाहीतर प्लेट लाल होते. हे वर्णन करून येत नाही. मी काकांच्या बोटांकडे बघून शिकलो आणि आता सोसायटीतलाच एक अकरावीतला मुलगा माझ्या बोटांकडे बघतो. त्याचा परीक्षेचा अर्ज मी भरून दिला आहे.

गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये जुन्या घरांची आवराआवर अजून चालू आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जाड काचेचा व्हॉल्व्ह, चिनी मातीचं सॉकेट, मीटर लावलेली काळी पेटी सापडली तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर घालू नका. लायसन्सशिवाय ट्रान्समीटर बाळगणं कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून लपवूनही ठेवू नका. जवळच्या परवानाधारक हॅमला बोलवा, तो नियमात बसवून देईल. आणि तो येईपर्यंत प्लगला लावून बघू नका, झाकण उघडू नका. आत काय उरलं आहे ते बाहेरून दिसत नाही.